कायदा दुसऱ्यांदा कोण वाचणार?

12 सप्टेंबर 1996 रोजी लोकसभेत 81 व्या घटनादुरुस्तीचे विधेयक मांडले गेले. लोकसभेत आणि विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवू पाहणारे ते पहिले विधेयक. मांडणारे कायदा राज्यमंत्री होते पेडणे तालुक्यातील मांद्र्याचे अ‍ॅड. रमाकांत खलप. वकिलीतून राजकारणात आलेले खलप 1977 मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाकडून मांद्र्याचे आमदार झाले, 1990 मध्ये राज्याचे उपमुख्यमंत्री झाले आणि 1996 मध्ये तेव्हाच्या पणजी मतदारसंघातून लोकसभेवर गेले. देवेगौडा सरकारात त्यांच्याकडे कायदा खात्याचा स्वतंत्र कार्यभार आला. गोव्याच्या एका टोकाच्या तालुक्यातला वकील देशाच्या घटनेत दुरुस्ती सुचवायला उभा राहिला, ही गोमंतकीयांनी लक्षात ठेवावी अशी तारीख आहे. आपल्याकडे ती फारशी कुणाला आठवत नाही, याचे वाईट वाटते.

त्या विधेयकाचे पुढे काय झाले, ते बहुतेकांना ठाऊक असते: रखडले, पुन्हा आले, पुन्हा रखडले आणि 2023 च्या सप्टेंबरात एकदाचे संमत झाले. पण सुरुवातीच्या तीन महिन्यांत त्याचे जे झाले, ते गोव्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. अध्यक्ष होत्या पश्चिम बंगालच्या ज्येष्ठ कम्युनिस्ट खासदार गीता मुखर्जी. समितीने मसुदा शब्दाशब्दाने तपासला आणि 9 डिसेंबरला अहवाल दिला. त्यात एक सूचना अशी होती की, ज्या राज्यांत लोकसभेच्या तीनपेक्षा कमी जागा आहेत, तिथेही आरक्षणाची तरतूद करावी. मूळ मसुद्यात ती नव्हती. गोव्याच्या लोकसभेच्या जागा दोन. म्हणजे गोव्याच्या मंत्र्याने मांडलेल्या महिला आरक्षणातून लोकसभेपुरता गोवाच निसटून जात होता. ‘एक तृतीयांशाहून कमी नाही’ या शब्दांऐवजी ‘जवळपास एक तृतीयांश’ असे म्हणावे, हीही त्याच समितीची सूचना. पुढे संमत झालेल्या कायद्यात तोच अर्थ आहे.

यात खलपांचा कमीपणा नाही. मसुदा खात्यात तयार होतो, मंत्री तो मांडतो आणि उत्तम वकिलाच्या नजरेतूनही काही ना काही सुटते. म्हणूनच दुसरी नजर लागते. कोर्टात वकील युक्तिवाद करतो तेव्हा समोर विरुद्ध पक्षाचा वकील असतो, वर न्यायाधीश असतो आणि निकालानंतर अपिलाची वाट असते. कायदा करताना मात्र आपण, निदान पर्वरीच्या विधानसभेत, यातले जवळजवळ काहीच ठेवलेले नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या विधानसभेत जे घडले, त्यातले एकच प्रकरण घेऊ. 2021 च्या जुलैमध्ये तीन दिवसांचे पावसाळी अधिवेशन झाले. शेवटच्या दिवशी, 30 जुलैला, विरोधकांनी सभात्याग केलेला असताना भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक संमत झाले. गोव्यात तीस वर्षे राहिलेल्या माणसाला भूमिपुत्र म्हणायचे आणि 1 एप्रिल 2019 पूर्वी बांधलेल्या त्याच्या अडीचशे चौरस मीटरपर्यंतच्या घराची मालकी उपजिल्हाधिकाऱ्याच्या समितीमार्फत त्याला मिळवून द्यायची, असा त्याचा गाभा. दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कितीतरी गरीब कुटुंबांचा हा खरा प्रश्न आहे आणि तो सोडवण्याची इच्छा चुकीची नव्हती. पण भूमिपुत्र हा शब्द गावडा, कुणबी, वेळीप समाजाने पिढ्यान्‌पिढ्या आपला मानला आहे, त्याचे काय, आणि कोमुनिदादीच्या व खाजगी भाटांच्या जमिनीचे काय, हे दोन साधे प्रश्न कुणी विचारले असते तर गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर त्यांची उत्तरे मिळाली असती. विचारायला वेळच ठेवला नव्हता. आदिवासी संघटना रस्त्यावर आल्या. काही दिवसांतच मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी तो शब्द वगळण्याचे जाहीर केले, पुढे विधेयकच राज्यपालांकडे गेले नाही. साखळीचे मुख्यमंत्री आणि सभापतींच्या आसनावर डिचोलीचे राजेश पाटणेकर. म्हणजे त्या दिवशी सभागृह चालवणारे दोघेही एकाच तालुक्याचे, जिथे मोकासो आणि आल्वारा जमिनींचे गुंते आजही मामलेदार कचेरीत पडून आहेत.

कुळांच्या बाबतीत याआधीही हेच झाले होते. 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा आणि 1976 ची पाचवी दुरुस्ती, ज्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले, हे गोव्याच्या मुक्तीनंतरचे सर्वांत मोठे सामाजिक पाऊल. पेडण्यात याचा अर्थ काय होता, ते तिथल्या म्हाताऱ्यांना विचारावे. 2014 मध्ये एका दुरुस्तीने कूळ आणि मुंडकारांचे खटले मामलेदाराकडून काढून दिवाणी न्यायालयांकडे सोपवले आणि नवे दावे दाखल करायला तीन वर्षांची मुदत घातली. मामलेदाराकडे स्वतः जाऊन बोलणाऱ्या कुळाला त्यामुळे वकील लागू लागला, कोर्ट फी लागू लागली, तारखांना म्हापशाला किंवा पणजीला खेपा घालाव्या लागल्या. आंदोलने झाली आणि खटले मामलेदारांकडे परत आणण्यासाठी पुढे पुन्हा दुरुस्ती करावी लागली. मधल्या काळात ज्यांची फाईल इकडून तिकडे गेली, त्यांच्या आयुष्यातली ती वर्षे कुणी परत दिली नाहीत. पेडण्यात किंवा डिचोलीत पाच वर्षे कूळ खटले लढवलेल्या कुणाही वकिलाने ते विधेयक संमत होण्याआधी एकदा वाचले असते, तर त्याने हे सांगितले असते.

आता इंग्लंडकडे वळतो, कारण हा प्रश्न तिथल्या एका वकिलाने फार स्पष्टपणे मांडला होता. क्विंटिन हॉग, म्हणजेच लॉर्ड हेलशाम. 1907 चा जन्म, बॅरिस्टर, 1938 मध्ये ऑक्सफर्डमधून खासदार. वडील आधीच व्हिस्काउंट होते. 1950 मध्ये ते वारले आणि मुलगा इच्छा नसताना वरिष्ठ सभागृहात जाऊन बसला, कारण तेव्हा वारशाने आलेली पदवी नाकारता येत नसे. 1963 मध्ये ती नाकारण्याची सोय करणारा कायदा झाला. पंतप्रधानपदाच्या आशेने त्यांनी पदवी सोडली, ते पुन्हा निवडणूक लढवून खालच्या सभागृहात आले, पंतप्रधान मात्र झाले नाहीत. 1970 मध्ये हयातभरापुरती लॉर्डची पदवी घेऊन ते लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे सरकारातले कायद्याचे सर्वोच्च पदाधिकारी, झाले. पुढे 1979 ते 1987 पुन्हा तेच पद.

पेडण्याच्या वाचकाला यातला व्हिस्काउंट शब्द परका वाटणार नाही. आपल्याकडे देशप्रभूंच्या घराण्याला पोर्तुगालच्या राजाने हीच पदवी दिली होती. राजेशाही 1910 मध्ये संपली तरी पेडण्यात तो मान लोकांच्या तोंडी टिकून राहिला, आणि त्याच घराण्यातले जितेंद्र देशप्रभू पुढे मतपेटीतून पेडण्याचे आमदार झाले. पण पदवी मिळाली म्हणून देशप्रभूंपैकी कुणाला लिस्बनमध्ये बसून कायदे वाचण्याचे काम मिळाले नव्हते. हेलशामना ते मिळाले, आणि माझा मुद्दा त्या कामापुरताच आहे.

विरोधी पक्षात असताना, 1976 मध्ये बीबीसीवरच्या एका व्याख्यानात हेलशाम यांनी आपल्या देशाच्या व्यवस्थेला निवडून आलेली हुकूमशाही म्हटले. बहुमताचे सरकार, पक्षादेशाने बांधलेले खासदार आणि अडवायला समर्थ असे दुसरे कुणी नाही. अशा ठिकाणी मतदार पाच वर्षांतून एकदा बोलतो आणि मधल्या काळात सरकार वाटेल तो कायदा करते, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्यावर टीका अशीही झाली की, सत्तेत परत आल्यावर आठ वर्षे लॉर्ड चॅन्सेलर असूनही त्यांनी ही हुकूमशाही मोडायला फारसे काही केले नाही. टीका खरी आहे. पण त्यामुळे त्यांनी केलेले निदान खोटे ठरत नाही. ज्या देशाला दोन सभागृहे आहेत, तिथल्या माणसाला हा धोका दिसला. आपल्याला तर एकच सभागृह आहे आणि त्यात चाळीस सदस्य. एकवीस जण एका बाजूला बसले की काम झाले, आणि गोव्यात एकवीस जण एका बाजूला कसे बसतात, त्यासाठी एका रात्रीत किती जण बाजू बदलतात, हे आपण अनेकदा पाहिले आहे.

ब्रिटनचे वरिष्ठ सभागृह मला आदर्श वाटत नाही. निवडून न आलेल्या सातशेहून अधिक माणसांनी कायद्यावर बसावे, हे लोकशाहीला शोभणारे नाही. पक्षाला देणग्या देणारेही तिथे लॉर्ड होऊन बसतात. त्या सभागृहाची ताकदही 1911 आणि 1949 च्या कायद्यांनी कापलेली आहे: ते विधेयक थोडा काळ रोखू शकते, कायमचे अडवू शकत नाही. तरीही तिथे एक गोष्ट होते. चाळीस वर्षे वकिली किंवा न्यायदान केलेली, मंत्रिपदे भोगून झालेली, आता कुठल्याही निवडणुकीची चिंता नसलेली माणसे विधेयक कलमागणिक वाचतात. चर्चेची मुदत सरकार तिथे सहसा घड्याळ लावून ठरवत नाही. सुचवलेल्या दुरुस्तीवर चर्चा होते, आणि कित्येकदा सरकार स्वतःच ती मान्य करून घेते, कारण चूक दाखवणारा माणूस त्या कामात जाणता असतो.

आपल्याकडे राज्यसभेत हे थोडेफार होते, आणि गोव्याच्या एका वकिलाने ते केलेही आहे. शांताराम नाईक 1984 मध्ये पणजीतून लोकसभेवर गेले, 2005 ते 2017 राज्यसभेत होते, आणि तिथे कायदा व न्याय विषयाच्या संसदीय स्थायी समितीचे अध्यक्षही झाले. 2013 मध्ये माहिती अधिकार कायद्याची दुरुस्ती त्यांच्या समितीसमोर आली. राजकीय पक्षांना त्या कायद्यातून वगळण्याची ती दुरुस्ती होती. समितीचे मत मला पटले नाही, ते सरकारच्या बाजूने झुकले होते. पण नागरिकांना समितीपुढे जाऊन बोलता आले, त्यांची हरकत नोंदली गेली. नाईक 2018 मध्ये वारले. गोव्याला राज्यसभेची एकच जागा, म्हणजे एका वेळी एकच माणूस, आणि तोही दिल्लीचे कायदे वाचणार, पर्वरीचे नाही.

म्हणून काही जण सुचवतात की गोव्यालाही विधान परिषद असावी. ते होणे नाही. घटनेच्या 171 व्या कलमाप्रमाणे विधान परिषदेत किमान चाळीस सदस्य हवेत आणि ते विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक असता कामा नयेत. म्हणजे विधानसभा निदान एकशेवीस जणांची हवी. आपली चाळीसची. घटनाच बदलली नाही तर हा दरवाजा बंद आहे, आणि तो उघडावा असेही मला वाटत नाही. पराभूत उमेदवारांना बसवायला आणखी चाळीस खुर्च्या गोव्याला परवडणार नाहीत.

दरवाजा दुसरीकडे उघडा आहे. केरळमध्येही एकच सभागृह आहे, सदस्य एकशेचाळीस. तिथे विधेयक मांडल्यावर ते विषय समितीकडे जाते आणि तिथून तपासून परत येते. ही नेहमीची पायरी आहे, कुणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. गोव्यात चिकित्सा समिती नेमता येते, नेमलेलीही आहे, पण ती सरकारच्या इच्छेवर. ज्या विधेयकावर गदारोळ झाला ते समितीकडे, बाकीची अखेरच्या दिवशी हात वर करून. या उलट्या पद्धतीने कूळ कायद्याची दुरुस्ती गेली आणि भूमिपुत्र विधेयकही गेले.

वेळेचे कारण नेहमी सांगितले जाते. सरकार म्हणते, लोकांची कामे अडतील. भूमिपुत्र विधेयक घाईने केले आणि अंमलात आलेच नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्या गरिबाला त्या घाईतून एक चौरस मीटरही मिळाला नाही. सहा आठवडे समितीत गेले असते तर कदाचित आज त्याच्या हातात कागद असता.

डिचोली तालुक्याला तर कायद्याच्या शब्दांनी पोटावर काय परिणाम होतो, ते वेगळे सांगायला नको. पोर्तुगीज काळातल्या खाण परवान्यांचे 1987 च्या केंद्रीय कायद्याने पट्ट्यांत रूपांतर झाले. पुढे नूतनीकरणात कायदा नीट पाळला गेला नाही म्हणून फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 पट्टे रद्द ठरवले. ट्रक उभे राहिले, बार्जेस उभ्या राहिल्या, गॅरेजवाला आणि खानावळवाला दोघेही बसून राहिले. यातला दोष कुणाचा, हा वाद लांबेल. पण नियमाचे एक कलम ज्यांनी नीट वाचायला हवे होते त्यांनी ते वाचले नाही, किंवा वाचूनही दुर्लक्ष केले, त्याची किंमत सर्वांत जास्त त्या माणसांनी दिली, ज्यांनी ते कलम कधी पाहिलेही नव्हते.

खलप यांच्याकडे परत येतो, कारण त्यांच्या कारकिर्दीत गोव्याने काय वापरले आणि काय वाया घालवले ते एकत्र दिसते. केंद्रात कायदा मंत्री झालेला माणूस. राज्याच्या विधी आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. पक्ष त्यांनी बदलले. मगोत वाढलेला नेता काँग्रेसचा उमेदवार म्हणून 2024 मध्ये, सत्तरी कधीच ओलांडल्यावर, उत्तर गोव्यातून पुन्हा लोकसभेला उभा राहिला आणि श्रीपाद नाईक यांच्याकडून लाखाहून अधिक मतांनी हरला. यात मला त्यांचा दोष कमी आणि आपल्या व्यवस्थेचा अधिक दिसतो. पन्नास वर्षांचा कायद्याचा अनुभव असलेल्या राजकारण्याला आपण एकच रस्ता ठेवला आहे: पुन्हा निवडणूक लढव. जिंकलास तर बोल, हरलास तर घरी बस. विधी आयोग आले आणि गेले. त्यांचे अहवाल ग्रंथालयात राहिले. सरकार बदलले की आयोग विसरला जातो. आमदारकी संपलेले जाणते वकील पणजीत, म्हापशात, पेडण्यात, डिचोलीत आहेत, सर्व पक्षांतले. त्यांना वर्षातून चार बैठकांना बोलावून विधेयकाचा मसुदा समोर ठेवला, तर यातले किती जण मानधनाविना येतील याबद्दल मला शंका नाही.

म्हणून मागणी नेमकी करतो. जमीन, कूळ, मुंडकार, कोमुनिदाद, खाण आणि नगरनियोजन यांच्याशी संबंधित कोणतेही विधेयक समितीकडे गेल्याशिवाय मतदानाला येऊ नये. समितीत विरोधी पक्षाचा अध्यक्ष असावा. समितीने तालुक्याच्या ठिकाणी जाऊन निदान एक बैठक घ्यावी, पेडण्यात आणि डिचोलीत विशेष करून, कारण नव्या काबिजादीतले जमिनीचे प्रश्न सासष्टीसारखे नाहीत आणि पणजीच्या फाईलवरून ते समजत नाहीत. मसुदा मराठीत आणि कोकणीत छापून पंचायतींच्या फलकावर एक महिना लावावा. 1987 च्या राजभाषा कायद्याला चार दशके होत आली तरी कूळ आपल्याबद्दलचा कायदा इंग्रजीतूनच, तोही कुणाकडून तरी ऐकून समजून घेते, ही गोष्ट या राज्यात कुणालाच खटकत नाही, हे मला समजत नाही. आणि समितीला सल्ला द्यायला माजी आमदार, माजी कायदा मंत्री आणि निवृत्त न्यायाधीश यांचे एक कायम मंडळ असावे, ज्यातल्या सदस्याला नेमणुकीपासून दोन वर्षे निवडणूक लढवता येणार नाही.

यातल्या बहुतेक गोष्टींना घटनादुरुस्ती लागत नाही, केंद्राची परवानगी लागत नाही. विधानसभेच्या कामकाजाच्या नियमांत बदल करावा लागतो आणि तो बदल करण्याचा अधिकार त्या चाळीस जणांकडेच आहे. पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी कुणा एका आमदाराने, सरकारी बाकावरच्या किंवा विरोधी बाकावरच्या, नियमदुरुस्तीची नोटीस दिली तर ती मांडायला पंधरा मिनिटेही लागणार नाहीत.